विज्ञानकथा मालिका: सात-सात सीझनमध्ये पात्रं खरंच बदलतात का?

सावनी (धागाकर्ती)

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' पुन्हा पहिल्यापासून बघते आहे आणि चौथ्या सीझनच्या दुसऱ्या भागाशी येऊन अडकले आहे. 'फॅमिली', १९९० चा भाग. त्याआधीच्या दोन भागांत बोर्ग (माणसांना यंत्रं जोडून आपल्यात ओढणारी परकी जमात) जहाजाचा कॅप्टन पिकार्डला पकडून नेतात, त्याच्या अंगात यंत्रं घालतात आणि त्याच्याच डोक्यातली माहिती वापरून वुल्फ ३५९ च्या लढाईत स्टारफ्लीटची (पृथ्वीच्या बाजूच्या अंतराळदलाची) ३९ जहाजं नष्ट करतात. शेवटी पिकार्ड सुटतो, पृथ्वी वाचते. एरवी या मालिकेत विषय इथेच संपला असता.

पण 'फॅमिली'मध्ये नवा ग्रह नाही, नवा शत्रू नाही, जहाजाच्या ब्रिजवरचा (चालककक्षातला) एकही प्रसंग नाही. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या घरी जातो. द्राक्षमळ्यात थोरल्या भावाशी त्याची हाणामारी होते, दोघं चिखलात लोळतात, एकमेकांचे अवतार बघून हसायला लागतात, आणि हसता हसता पिकार्डचा बांध फुटतो. मी त्यांना अडवायला हवं होतं, माझ्यात तेवढं बळ नव्हतं, असं म्हणत तो रडतो. भाऊ त्याची समजूत काढत बसत नाही. हे आता बराच काळ तुझ्याबरोबर राहणार, त्याच्यासकट जगायला शीक, एवढंच सांगतो.

मला वाटतं, पात्राचा विकास म्हणजे स्वभाव पालटणं नव्हे. घडलेलं त्या पात्राच्या लक्षात राहायला हवं आणि पुढचा निर्णय घेताना ते आडवं यायला हवं. बाकी सगळं केशभूषा आणि बढती.

तर प्रश्न असा: तुमच्या मते कुठल्या पात्राच्या बाबतीत हे खरोखर झालं? आणि कशामुळे झालं? आधीपासून ठरवलं होतं म्हणून, नटामुळे, की योगायोगाने?

(गोष्टी फुटणार आहेत. ज्यांना बघायच्या आहेत त्यांनी जपून वाचा.)

ध्रुवतारा

सावनीताई, धागा आवडला. 'फॅमिली'चं ओझं पुढेही जातं. पाचव्या सीझनच्या 'आय, बोर्ग'मध्ये एक जखमी तरुण बोर्ग हाती लागतो. त्याच्यामार्फत अख्ख्या बोर्ग जमातीत घातक प्रोग्राम सोडायचा, अशी योजना पिकार्ड आखतो. तोच पिकार्ड, जो एरवी प्रत्येक जिवाच्या हक्कासाठी तासभर भाषण देईल! त्या पोराशी समोरासमोर बोलेपर्यंत तो बधत नाही.

आणि १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली तीच मुळी वुल्फ ३५९ पासून. तिचा नायक सिस्को, त्याची बायको त्या लढाईत गेली. पहिल्याच भागात तो पिकार्डसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडावरची ती थंड चीड बघा. एका मालिकेतल्या नायकाची जखम ही दुसऱ्या मालिकेतल्या नायकासाठी गुन्हा आहे. मला हे फार मोठं वाटतं.

कृष्णविवर

विरोध नोंदवतो. 'फॅमिली' उत्तमच आहे, पण तो अपवाद. टीएनजीच्या (द नेक्स्ट जनरेशनच्या) १७८ भागांतला कुठलाही उचलून लावा, पिकार्ड बहुतेक तोच असतो.

यात लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. ही मालिका कुठल्या एका मोठ्या वाहिनीची नव्हती, अमेरिकेतल्या वेगवेगळ्या स्थानिक केंद्रांना विकली जायची. केंद्रं पुनःप्रक्षेपण करायची तेव्हा भागांचा क्रम राहीलच याची खात्री नाही. प्रेक्षकाचा एक आठवडा चुकला की चुकला. म्हणून पाऊण तासात सगळं निस्तरायचं आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी.

सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे 'दि इनर लाइट', १९९२. बाहेर वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेवढ्यात पिकार्ड मनातल्या मनात दुसऱ्या ग्रहावर अख्खं आयुष्य जगतो. बायको, मुलं, नातवंड, म्हातारपण. जागा होतो तेव्हा हातात फक्त बासरी उरते. पुढच्या भागात त्याचं काय? काही नाही. सहाव्या सीझनमध्ये 'लेसन्स'मध्ये ती बासरी परत येते, तेही एका प्रेमप्रकरणाच्या निमित्ताने. ज्याचं एक सबंध आयुष्य हातून गेलं तो माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर!

उल्का

'लेसन्स'मध्ये तो त्या बाईला बासरीची हकिगत सांगतो तो प्रसंग मात्र सुंदर आहे. इतका वेळ कुणालाच सांगितलं नव्हतं, हे त्याच्या थांबत थांबत बोलण्यातून कळतं. मला तेवढंही पुरलं.

जुना_प्रेक्षक

माझं उत्तर एका शब्दात: नॉग.

आता सविस्तर. डीप स्पेस नाइनच्या पहिल्या सीझनमधला नॉग म्हणजे चोऱ्यामाऱ्या करणारं, शाळा बुडवणारं फेरेंगी पोरगं. त्याला वाचताही येत नसतं, सिस्कोचा मुलगा जेक त्याला चोरून शिकवतो. फेरेंगी म्हणजे स्टार ट्रेकमधले हास्यास्पद लोक, मोठे कान, पैशाचे लोभी. टीएनजीत त्यांना भयंकर शत्रू म्हणून आणलं होतं, ते काही जमलं नाही, मग विनोदापुरते उरले. म्हणजे नॉगची सुरुवात शून्याच्याही खाली आहे.

तिसऱ्या सीझनमध्ये, 'हार्ट ऑफ स्टोन'मध्ये, तो सिस्कोकडे लॅटिनमची (तिथल्या चलनाची) थैली घेऊन येतो आणि स्टारफ्लीट अकादमीसाठी शिफारस मागतो. सिस्कोला ती थट्टा वाटते. तो त्याला कामाला लावून बघतो, मुद्दाम नकार देतो, खांद्याला धरून कारण विचारतो. तेव्हा नॉग ओरडून सांगतो की मला बापासारखं व्हायचं नाही. बापाला, रॉमला, यंत्रांची विलक्षण समज आहे, पण फेरेंगी असल्यामुळे धंदाच करायला हवा म्हणून त्याने जन्म वाया घालवला. माझ्यातही धंदेवाईकपणा नाही, मग मी काय करू? मागचे अडीच सीझन आपण रॉमला हसलो होतो. हे ऐकलं की त्या सगळ्या हसण्याची लाज वाटते.

मग सातव्या सीझनमध्ये 'द सीज ऑफ एआर-५५८'. नॉगचा पाय जातो. दोन भागांनंतर 'इट्स ओन्ली अ पेपर मून'. नवा पाय बसवलेला आहे, डॉक्टर म्हणतात दुखायचं काही कारण नाही, तरी तो काठी घेऊन लंगडतो. आणि होलोसूटमधल्या (आभासी जग उभं करणाऱ्या खोलीतल्या) व्हिक फाँटेन या गायकाच्या १९६२ च्या लास व्हेगासमध्ये राहायला जातो. व्हिक हा स्वतःच एक प्रोग्राम. नॉग त्याचे हिशेब लिहितो, क्लब वाढवायच्या योजना करतो. शेवटी व्हिक स्वतःच स्वतःला बंद करतो, म्हणजे नॉगला बाहेर पडावंच लागेल. त्या अंधाऱ्या रिकाम्या खोलीत नॉग बोलतो. युद्धात मला काही होणार नाही असं वाटायचं, आता कळलं की काहीही होऊ शकतं, मी मरूही शकतो. बाहेर गेलो तर हे खरं होईल.

लक्षात घ्या, हा भाग जवळपास पूर्णपणे दोन दुय्यम पात्रांच्या खांद्यावर आहे. एक फेरेंगी, एक होलोग्राम. सिस्को जेमतेम दिसतो. सात वर्षं जमवलेली पुंजी होती म्हणूनच हे करायची हिंमत झाली.

तिर्यक

नॉग पाच सीझनमध्ये निरक्षर पोरापासून अधिकारी झाला, शेवटच्या भागात लेफ्टनंट झाला. तिकडे 'व्हॉयेजर' या स्टार ट्रेकच्याच मालिकेत हॅरी किम सात वर्षं एन्साइनच, म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी. टॉम पॅरिसची पदावनती झाली, पुन्हा बढतीही झाली, हॅरी तिथेच. त्याच्या बाजूने कुणीतरी मोर्चा काढा रे.

उल्का

तिर्यक, आणि दुसऱ्या सीझनच्या 'डेडलॉक'मध्ये मूळचा हॅरी मरतो! पुढे आपण बघतो तो दुसऱ्या, जोड-व्हॉयेजरवरचा हॅरी. त्याच्या बढतीचे कागद त्या जहाजावरच राहिले असणार.

तिर्यक

हे स्पष्टीकरण मी अधिकृत मानतो. 😄

शर्वरी

व्हॉयेजरवर सगळे तुटून पडतात म्हणून बाजू मांडते. पॅरिस, किम, चकोटे यांच्याबद्दलचा राग रास्त आहे. सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलेलं जहाज, त्यात स्टारफ्लीटचे लोक आणि त्यांचे विरोधक माकी एकत्र. हे भांडण सात वर्षं पुरलं असतं, पण ते पहिल्या काही भागांतच विरघळलं. मान्य.

पण त्याच जहाजावर डॉक्टर आहे. नाव नसलेला, तातडीच्या वेळी थोडा वेळ चालू करायचा वैद्यकीय होलोग्राम. सुरुवातीला लोक बोलता बोलता त्याला बंद न करताच निघून जातात, त्याचीही कुणाला खंत नसते. आणि पाचव्या सीझनमधला 'लेटंट इमेज' बघा. डॉक्टरला आपल्या स्मृतीत काहीतरी खोडलेलं सापडतं. शोध घेता घेता कळतं की खोडणारी कॅप्टन जेनवेच आहे. दोन जखमी एकाच वेळी आले होते, दोघांची वाचायची शक्यता सारखीच, वेळ एकापुरताच. डॉक्टरने हॅरी किमला वाचवलं आणि एन्साइन जेटल गेली. हॅरीच का? कारण तो मित्र होता. हा विचार त्याच्या प्रोग्रामला पेलेना. तो त्याच त्याच वाक्यांत अडकून पडला, म्हणून जेनवेने ती आठवणच काढून टाकली.

आता सगळं पुन्हा बाहेर आल्यावर जेनवेपुढे पेच. परत पुसायचं का? जहाजावरची, पूर्वी बोर्ग असलेली सेव्हन तिला विचारते, की तुम्ही मला माणूस केलंत, मग याला यंत्र कसं समजता? शेवटी जेनवे पुसत नाही. तो बरा होईपर्यंत माणसं आळीपाळीने त्याच्याजवळ बसतात. ती स्वतः पुस्तक घेऊन बसते, तिला ताप आहे, तरी उठत नाही. मग डॉक्टरच तिला म्हणतो, जाऊन झोपा. स्वतःच्या त्रासातून बाहेर डोकावून दुसऱ्याचा ताप त्याच्या लक्षात येतो, ती त्याच्या बरं होण्याची पहिली खूण.

सावनी, तुझ्या व्याख्येत हे तंतोतंत बसतं. आठवण काढून घेतली की विकासही गेला, आणि आठवण ठेवायची तर त्रासासकट ठेवावी लागते.

सावनी

शर्वरी, 'लेटंट इमेज' माझ्या डोक्यातच नव्हता. ताप असलेल्या जेनवेचा प्रसंग तू सांगितल्यावर लख्ख आठवला.

अनाम_प्रवासी

कृष्णविवर यांच्या मुद्द्याला एक पुरवणी. विक्रीची पद्धत हे कारण अपुरं आहे. डीप स्पेस नाइनही तशीच केंद्रांना विकली जात होती, तरी तिच्यात पात्रं बदलली. उलट व्हॉयेजर यूपीएन या वाहिनीवर होती, क्रमाने लागायची, आणि तीच जास्त कोऱ्या पाटीची निघाली.

मला खरं कारण जागेत दिसतं. जहाज निघून जातं. एंटरप्राइजने (पिकार्डच्या जहाजाने) एखाद्या ग्रहावर काही निर्णय घेतला तर त्याचे परिणाम बघायला ती तिथे नसते. डीप स्पेस नाइन हे अंतराळस्थानक, ते जागचं हलत नाही. सिस्कोने सोमवारी शेजारच्या बॅजोर ग्रहाच्या सरकारला दुखावलं तर मंगळवारी तेच लोक दारात उभे. ज्याला फसवलं तोच संध्याकाळी क्वार्कच्या बारमध्ये शेजारी बसलेला. लेखकाने विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

कृष्णविवर

मुद्दा पटण्यासारखा आहे, पण मग 'फारस्केप' कुठे बसवणार? १९९९ ते २००३, पूर्ण मालिका जहाजावर, आणि तीही जिवंत जहाजावर. तरी जॉन क्रायटन पहिल्या सीझनमध्ये विनोद करणारा शास्त्रज्ञ असतो आणि शेवटी आतून मोडलेला माणूस. त्याचा शत्रू स्कॉर्पियस याने त्याच्या डोक्यात बसवलेली चिप त्याच्याबरोबर प्रवास करते. म्हणजे परिणाम जहाजावरही चढू शकतात, चढवायची इच्छा हवी.

अनाम_प्रवासी

फारस्केपमध्ये शत्रूच मागे मागे येतो ना! स्थानक हलत नाही, तिथे स्कॉर्पियस सोडत नाही. जुन्या हिशेबापासून पळता न येणं, हे दोन्हीकडे समान.

निरभ्र

एवढे प्रतिसाद झाले आणि 'बॅबिलॉन ५'चं, तीही अंतराळस्थानकावरचीच मालिका, नाव नाही? लंडो मोलारी आणि ग'कार. यांच्यापुढे बाकी सगळे नंतर.

लंडो पहिल्या सीझनमध्ये विदूषक आहे. पंख्यासारखे उभे केस, दारू, जुगार, उतरत्या सेंटॉरी साम्राज्याचा राजदूत. ग'कार हा त्या साम्राज्याखाली भरडलेल्या नार्न लोकांचा राजदूत, आणि तो सुरुवातीला चक्क खलनायक वाटतो. पहिल्याच भागात लंडो एक स्वप्न सांगतो: म्हातारपणी आपण मरणार आहोत, आणि तेव्हा ग'कारचे हात आपल्या गळ्याभोवती असतील. बघणाऱ्याला वाटतं, ठीक आहे, शत्रू आहेत.

दुसऱ्या सीझनमध्ये 'द कमिंग ऑफ शॅडोज'. सेंटॉरी सम्राट स्थानकावर येतो, ग'कार त्याला मारायच्या तयारीत. सम्राट आधीच कोसळतो, आणि मग ग'कारला कळतं की तो म्हातारा नार्न लोकांची क्षमा मागायला आला होता. ग'कार हरखून जातो. लंडोला शोधतो, त्याला स्वतःच्या पैशाने पेय पाजतो, सम्राटाच्या प्रकृतीसाठी प्याला उंचावतो. लंडोने तोवर नार्न वसाहतीवर हल्ल्याचा निरोप धाडलेला असतो. तो गप्प बसून ते पेय पितो. लंडो झालेल्या पीटर युरासिकचा तो चेहरा! त्याला थांबवता आलं असतं का, याचं उत्तर त्या चेहऱ्यावर आहे. त्याच सीझनमध्ये पुढे नार्नच्या ग्रहावर वरून दगडांचा मारा होतो आणि लंडो जहाजाच्या काचेतून तो बघत उभा असतो.

आणि तिसऱ्या सीझनमधली ती लिफ्ट. स्फोटानंतर दोघं एकाच लिफ्टमध्ये अडकतात, आग लागलेली. लंडो म्हणतो, मिळून बाहेर पडू. ग'कार हसतो. कुणा नार्नने सेंटॉरीला मारलं तर बदल्यात पाचशे नार्न मारायचे, असा हुकूम आहे. म्हणून मी तुला मारू शकत नाही, पण इथे बसून तुला मरताना तर बघू शकतो! असं म्हणून तो मजेत टेकून बसतो.

हाच ग'कार पुढे सूड सोडून देतो. स्वप्नातला तो गळा दाबण्याचा प्रसंग आपण तिसऱ्या सीझनमध्येच, भविष्यात डोकावून, प्रत्यक्ष बघतो. म्हातारा लंडो परक्या जिवाच्या ताब्यात आहे. तो जीव दारूने गुंगलेला असतानाच लंडो मोकळा असतो, आणि त्या थोड्या वेळात तो स्वतः ग'कारला म्हणतो, मला मार. पहिल्या भागात जो खून वाटला होता ते मित्राने मित्रासाठी केलेलं शेवटचं काम निघतं. प्रसंग तोच, तसूभर बदललेला नाही. मधल्या काळात ती दोन माणसं बदलली. मालिकेचा निर्माता जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीने ११० पैकी ९२ भाग एकट्याने लिहिले, पाच वर्षांचा आराखडा आधी ठरवला, म्हणून हे जमलं.

ध्रुवतारा

निरभ्रदादा, अंगावर काटा आला वाचताना.

कृष्णविवर

लंडो-ग'कारबद्दल वाद नाहीच. पण 'आराखडा होता म्हणून जमलं' याला माझा आक्षेप. आराखड्यात नायक सिंक्लेअर होता. ते काम करणारा मायकल ओ'हेअर प्रकृतीच्या कारणाने पहिल्या सीझननंतर बाहेर पडला आणि ब्रूस बॉक्सलायटनरचा शेरिडन आणावा लागला. टेलिपॅथ टालिया विंटर्स दुसऱ्या सीझनमध्ये गेली, इवानोव्हा चौथ्यानंतर गेली. म्हणजे आराखडा दर वर्षी मोडत होता.

निरभ्र

म्हणूनच स्ट्रॅझिन्स्कीने प्रत्येक पात्रासाठी चोरवाट ठेवली होती. नट गेला तर कथेतून त्याला कसं बाहेर काढायचं आणि त्याचं काम कुणावर टाकायचं, हे आधीच योजलेलं. सिंक्लेअर परत येतो, हजार वर्षं मागे जातो आणि मिनबारी या परक्या लोकांचा पुराणपुरुष व्हॅलेन होतो. एवढ्या मोठ्या अडचणीतून एवढा देखणा शेवट काढणारा दुसरा लेखक दाखवा.

शनीची_कडी

योगायोगाचा विषय निघालाच आहे तर 'एक्स-फाइल्स'. दुसऱ्या सीझनच्या वेळी स्कलीचं काम करणारी गिलियन अँडरसन गरोदर होती. तिला काही भाग कमी काम द्यायचं म्हणून स्कलीचं अपहरण दाखवलं. तोवर ती फक्त मल्डरच्या दाव्यांना शास्त्राची फूटपट्टी लावणारी जोडीदार होती. त्या अपहरणातून पुढे मानेतली चिप, कॅन्सर, मूल न होण्याचं दुःख, सगळं निघालं. ज्या गोष्टीवर तिचा विश्वास नाही, तीच तिच्या शरीरात घडलेली. हे कुणी आराखडा करून सुचवलं असतं असं मला वाटत नाही. आलेली अडचण फेकून न देता लेखकांनी ती वर्षानुवर्षं वापरली, हे श्रेय मात्र त्यांचं.

उल्का

थोडं अवांतर. ग'कार आणि नॉग, दोघांच्याही नटांच्या चेहऱ्यावर रबराचा थर होता. ग'कार झालेल्या आंद्रेआस कट्सुलासचे फक्त डोळे, ओठ आणि आवाज मोकळे. नॉग झालेल्या अ‍ॅरन आयझेनबर्गच्या डोक्यावर ते अवाढव्य कान. डीप स्पेस नाइनमधला ओडो, म्हणजे रने ओबर्जन्वा, त्याचा तर चेहराच सपाट गुळगुळीत. तरी हीच पात्रं सर्वांत जास्त लक्षात राहतात. कदाचित भुवई उचलून, ओठ मुडपून भागत नाही म्हणून हे नट सगळं अंगातून आणि आवाजातून काढतात. 'पेपर मून'मध्ये नॉग काठी टेकवून उभा राहतो त्यातच अर्धा अभिनय आहे.

जुना_प्रेक्षक

+१. आयझेनबर्ग २०१९ मध्ये गेला. त्यानंतर मी तो भाग पुन्हा पाहिला, आणि शेवटपर्यंत पाहणं जड गेलं.

चक्रधर

सगळ्यांना एक प्रश्न. बदललंच पाहिजे हा अट्टहास कशाला? टीएनजीमधला यंत्रमानव डेटा घ्या. माणूस व्हायची त्याची धडपड सात सीझन चालते आणि भावनांची चिप त्याला बसते ती मालिका संपल्यावर, १९९४ च्या चित्रपटात. मालिकेत तो जवळपास तसाच राहतो. पण 'द मेजर ऑफ अ मॅन'मध्ये त्याच्यावर खटला चालतो, हा माणूस की स्टारफ्लीटची मालमत्ता, तेव्हा बदलतात ती इतर माणसं. जो शास्त्रज्ञ त्याला सुरुवातीपासून 'ते यंत्र' म्हणत असतो, तो शेवटी नकळत 'तो' म्हणून जातो. स्थिर पात्राभोवती बाकीच्यांना बदलायला लावणं हेही कथनाचं मोठं कसब आहे.

शर्वरी

चक्रधर, खटल्याबद्दल सहमत. पण डेटालाही आठवण असते. मरण पावलेली सहकारी ताशा यार, तिची छोटी प्रतिमा त्याने जपून ठेवलेली, आणि तीच त्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे येते. भावना नाहीत म्हणणाऱ्याने ती का ठेवली?

ध्रुवतारा

आठवणीवरून 'डॉक्टर हू'मधली डोना नोबल. २००८ च्या सीझनमध्ये ती काळात प्रवास करणाऱ्या डॉक्टर या नायकाबरोबर हिंडते. सुरुवातीला स्वतःला क्षुद्र समजणारी, मोठमोठ्याने बोलणारी ऑफिसातली टेंपररी मुलगी. शेवटी तीच सगळ्या विश्वाला वाचवते. आणि तिचा जीव वाचावा म्हणून डॉक्टरला तिच्या सगळ्या आठवणी पुसाव्या लागतात. ती घरी परत येते, फोनवर गप्पा मारत बसते, पूर्वीसारखीच. तिचे आजोबा विल्फ डॉक्टरला सांगतात की तुझ्याबरोबर असताना ती किती चांगली झाली होती. मेली असती तर कमी वाईट वाटलं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. २०२३ मध्ये तिला आठवणी परत मिळाल्या तेव्हा पंधरा वर्षांची रुखरुख गेली.

तिर्यक

आता हल्लीच्या मालिकांबद्दल कुणी बोलणार का? आठ-दहा भागांचा सीझन, दोन सीझनमध्ये दोन वर्षांचं अंतर. सगळं एकाच कथेला जुंपलेलं. पात्रांना निवांत बसायला सवडच नाही. पूर्वी सव्वीस भाग असत, त्यातले पाच-सहा फसत, पण एखादा भाग पूर्ण नॉगला देता येत असे.

शनीची_कडी

'दि एक्सपान्स' बघितली नाहीत का? सहा सीझन, ६२ भाग, मधे वाहिनीने बंद केली, मग दुसरीकडे सुरू झाली, तरी ड्रमर बघा. मूळ कादंबऱ्यांमधली तीन-चार पात्रं एकत्र करून ही घडवली. दुसऱ्याच्या हाताखालची कडक अधिकारी ते स्वतःचं कुटुंब आणि ताफा सांभाळणारी कॅप्टन, आणि त्या कुटुंबाचीच किंमत मोजावी लागणारी बाई. आणि एमॉस! आपल्याला बरं-वाईट आतून कळत नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो कायम असा माणूस शोधून त्याच्या मागे उभा राहतो ज्याला ते कळतं. भाग कमी असूनही जमतं.

तिर्यक

बघितली आहे आणि ड्रमर मलाही प्रिय. तरी तिला एक पूर्ण शांत भाग मिळायला हवा होता, हे माझं म्हणणं कायम.

जुना_प्रेक्षक

'स्टारगेट एसजी-१'ला विसरू नका. दहा सीझन, २१४ भाग, बराचसा हलकाफुलका कारभार. पण टील्क पहिल्याच भागात मालकाविरुद्ध उठतो आणि त्याच सीझनच्या 'कोर-आय'मध्ये एका वस्तीतला तरुण त्याला ओळखतो: याने माझ्या बापाला मारलं. टील्क नाकारत नाही, बचावही करत नाही. आपण आता चांगल्या बाजूला आलो म्हणून मागचं फिटलं, असं त्याला वाटत नाही. त्याचं ते गप्प उभं राहणं मला मोठमोठ्या युद्धांपेक्षा जास्त लक्षात आहे.

मंदाकिनी

रोज वाचते, आज लिहिते. मूळ प्रश्नाला माझं उत्तर: डीप स्पेस नाइनमधली कीरा नेरीस.

कार्डेशियन लोकांनी बॅजोर बळकावलेलं असताना ती पोरवयापासून त्यांच्याविरुद्ध लढली, बॉम्ब लावले, माणसं मारली. पहिल्या सीझनमधल्या 'ड्युएट'मध्ये तिच्या हाती छळछावणीचा क्रूर प्रमुख लागतो. शेवटी कळतं की तो प्रमुख नाहीच, तिथला साधा कारकून आहे. छावणीतल्या किंकाळ्या ऐकून कानावर हात ठेवून रडणारा. आपल्या लोकांना गुन्ह्याची जबाबदारी घ्यावी लागावी म्हणून प्रमुखाचं सोंग घेऊन फाशी जायला आलेला. कीरा त्याला सोडते. बाहेर एक बॅजोरन त्याला भोसकतो. का, म्हणून ती विचारते. तो कार्डेशियन आहे, एवढं कारण पुरेसं आहे, असं तो म्हणतो. ती म्हणते, नाही. एवढं पुरेसं नाही. भाग सुरू झाला तेव्हा ती स्वतः हेच म्हणाली असती.

आणि सातव्या सीझनमध्ये तिलाच कार्डेशियन बंडखोरांना लढायला शिकवायला पाठवतात. बंडाचा नेता डमार. तिला जवळच्या असलेल्या झियालला याच डमारने मारलेलं. 'टॅकिंग इन्टू द विंड'मध्ये डमारला बातमी येते की डोमिनियनने (कार्डेशियावर ताबा ठेवणाऱ्या परक्या सत्तेने) त्याच्या बायकोला आणि मुलाला ठार केलं. निरपराधांना मारायचे असले हुकूम देणारी माणसं तरी कसली, असं तो सुन्न होऊन विचारतो. आणि कीरा त्याचाच प्रश्न त्याला परत करते. तिचा आवाज चढत नाही. सहा वर्षांचं बॅजोर त्या एका वाक्यात आहे. तो निघून गेल्यावर तिला वाईट वाटतं, असं बोलायला नको होतं असं ती म्हणते. पहिल्या सीझनमधल्या कीराला हे वाईट वाटलंच नसतं, आणि पहिल्या सीझनमधली कीरा नसती तर हा प्रश्नही विचारला गेला नसता.

निरभ्र

मंदाकिनीताई, हे वाचून लंडोला थोडं बाजूला सरकायला सांगतो.

जुना_प्रेक्षक

ताई, त्याच भागात डमारकडेही बघा. चौथ्या सीझनमध्ये तो एका मालवाहू जहाजावर कार्डेशियन सेनानी डुकाटच्या मागे उभा राहणारा साधा अधिकारी म्हणून आला, नाव लक्षात ठेवायचंही कारण नव्हतं. इथे त्याचा जुना दोस्त रुसॉट कीरावर बंदूक रोखतो. कीराच्या बाजूचा गॅरॅक रुसॉटवर रोखतो. डमारही बंदूक काढतो, आणि क्षणभर कळत नाही की तो कुणावर झाडणार. तो रुसॉटला मारतो. रुसॉट मित्र होता, पण त्याचा कार्डेशिया मेला आहे, तो परत येणार नाही, असं सांगून लगेच पुढच्या कामाला लागतो. कीराचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला होता, हे मालिका वेगळं सांगत नाही. बंदूक कुणाकडे वळली तेवढंच दाखवते.